तुझ्या हातची माझी सही

प्रिय ताई (रागात असलो तरी हे लिहावंच लागतं),

आणि वर मलाच विचारतेस, एवढं काय बिघडलं? दादाने कागद पुढे केला आणि तू मशीनवरून उठलीसुद्धा नाहीस. एका हाताने कापड धरून दुसऱ्या हाताने सही ठोकलीस. बाबांच्या घरातला हक्क सोडून दिलास! बरं, तुझा सोडलास तो सोडलास, खाली माझ्या नावापुढे माझीही सही करून मोकळी झालीस. वाचलंस का विचारलं, तर म्हणे घरच्या माणसासमोर काय वाचत बसायचं, दादाला वाईट वाटलं असतं. दादाला! तुझी खोली पाडून तो गाळे काढेल तेव्हा तुला काय वाटेल, ते कोणी विचारायचं?

तुझी सवयच ती. आपल्या घरात लिहिणं-वाचणं म्हणजे तू. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तू करायचीस, माझं पार्सल आलं की माझी सही तूच. माझ्यापेक्षा सुबक करतेस. मी केली की कोंबडीने माती उकरल्यासारखी दिसते. पण हे पार्सल नव्हतं गं.

परवा फोन आपटला तो त्यामुळेच. सध्या एका वकीलबाईंच्या ऑफिसात फरशी बसवतोय. डोकं ठिकाणावर नव्हतं, दोन फरश्या वाकड्या बसल्या. मुकादम म्हणाला, लग्न ठरलं की मोडलं? बाईंनी ते ऐकून चौकशी केली, तर मी सगळं ओकलो. त्यांनी आधी मलाच झापलं, दुसऱ्याच्या नावाने सही करणं गुन्हा आहे, बहिणीला कळत नाही का? मग म्हणाल्या, नुसत्या सह्यांनी घर जात नाही. कागदाची नोंदणी व्हावी लागते आणि तिथे सह्या करणाऱ्यांनी जातीने हजर राहावं लागतं. म्हणजे आता दादा तुला न्यायला येणार. गोड बोलेल, गाडी दारात उभी करेल. बसू नकोस. ओरडला तर मशीन जोरात चालव, काही ऐकू यायचं नाही.

मला घराचा लोभ सुटलाय असं तो तुला सांगत असेल. मी कशाला मरायला तिथे येऊन राहतोय! दाजी सोडून गेले आणि तू ते मशीन घेऊन परत आलीस, तेव्हा बाबांनी स्वतः भिंत फोडून खिडकी मोठी केली, तुला शिवायला उजेड मिळावा म्हणून. विटा मी उचलल्या होत्या. दादा विसरला ते एक वेळ समजू शकतो. तू कशी विसरलीस?

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय. वाटणी झाली की माझा हिस्सा मी तुझ्या नावे करणार आहे. बक्षीसपत्र म्हणतात त्याला, बाईंना विचारून ठेवलंय. त्यावर सही मी येऊन करणार, माझ्या हाताने, कोंबडीसारखी. तू नको म्हणशील, पण या वेळी तुला कोणी विचारत नाहीये. तोवर तिथला एखादा वकील गाठ, माझी सही तू केलीस हे त्याला आधीच सांग, लपवू नकोस, आणि दादाला नोटीस पाठवायला लाव. बाकी कशावरही सही करायची नाही. फक्त वकिलासाठी जे पैसे पाठवतोय, त्यांच्या पावतीवर कर, नीट वाचून, स्वतःच्या नावाने: आठ हजार.

तुझाच,
धाकट्या