बिनगळ्याच्या स्वेटरचं वर्ष

तीर्थरूप मावशीस,

कंबर धरल्यामुळे साष्टांग काही जमणार नाही, पण खुर्चीत बसल्या बसल्या जेवढी अंगं हलतात तेवढ्यांनी नमस्कार. तू ताईकडचा इतक्या महिन्यांचा मुक्काम संपवून घरी आलीस असं आईकडून कळलं. प्रवास नीट झाला ना? काकांचा गुडघा काय म्हणतो? (काका स्वतः काही म्हणत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून गुडघ्याचीच चौकशी करतो.) तुझं बीपी, तुझी दुपारची झोप, खालच्या मजल्यावरच्या बाईंशी धरलेला अबोला, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा. इकडे आम्ही मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी सून मजेत आहे. चिमणी तर फारच मजेत आहे, तिला खालचे दोन दात आलेत आणि त्यांचा सराव ती माझ्या चार्जरच्या वायरीवर करते. मी मजेत नाही.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल. कोणी गेलेलं नाही. फोन सोडून पत्र का, याला कारण आहे, ते शेवटी सांगतो. आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घे, कारण घरात आता कोणी ऐकत नाही. तुझी सून म्हणते, प्रोग्राम फुकट देतोस, कामही फुकट करतोस, निदान रडायचे तरी पैसे घे.

तुला आठवतं, माझी नोकरी सुटली होती तेव्हा मी तुझ्याकडे राहायला आलो होतो? तू चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने फुल्या मारत स्वेटरचे नमुने काढायचीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एक घर चुकलं की सगळं खोडून पुन्हा पहिल्यापासून. ते बघवेना म्हणून मी तो प्रोग्राम लिहिला. एक चित्र द्यायचं, स्वेटर कोणासाठी ते सांगायचं, की तक्ता तयार: कुठल्या रंगाचा टाका कुठे, बाही कुठे घटवायची, गळ्यासाठी किती घरं रिकामी सोडायची. गळ्याचे आकडे तू सांगितलेस. भाजी निवडता निवडता सांगत होतीस, वर्षाच्या बाळाला इतके, डोकं मोठं असेल तर दोन जास्त, आणि आपल्या घरातलं असेल तर चार जास्त. (हे म्हणताना तू माझ्याकडे बघितलंस.) मी मुकाट्याने टाइप केलं. मग मी तो प्रोग्राम ओपन सोर्स केला, म्हणजे त्याचं आतलं सगळं लिखाण उघडं ठेवलं, कोणीही वाचावं, कोणीही दुरुस्त करावं, कोणीही फुकट वापरावं. तू तेव्हा म्हणालीस, म्हणजे घराला दार न लावता झोपायचं की रे. मी हसलो होतो. मावशी, दाराचं सोड, आता लोकांनी भिंतीसुद्धा हलवल्यात.

तर, आमच्यात वर्ष संपलं की प्रगतीचा आढावा लिहितात. सगळ्यांना वाचायला तो जाहीर लावायचा असतो, आणि तो आनंदी असावा लागतो. आठवडाभर मी तो लिहायला बसतोय आणि कपाळाला हात लावून उठतोय. प्रगती झाली नाही असं मुळीच नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी एकटा होतो, आता वीसेक स्वयंसेवक आहेत, देशोदेशीचे, हुशार, सज्जन, बोलायला गोड. त्यातल्या एकालाही विणता येत नाही. एकाने आपण स्वेटर घालतो असं सांगितलं, तेव्हापासून त्याला आम्ही तज्ज्ञ मानतो.

वर्षाचा पहिला भाग चिन्हात गेला. आपलं जुनं चिन्ह तुला माहीत आहे, लोकरीचा गुंडा आणि दोन सुया. सुया टोचतील अशा दिसतात, असं एकाचं म्हणणं पडलं. सुया काढल्या. नुसता गुंडा बघून लोकांना मांजर आठवतं, असं दुसऱ्याचं म्हणणं पडलं. मग दोरा काढला. आता नुसता एक गोल उरलाय. हा गोल कशाचा, असं कोणी विचारलं तर आम्ही समुदायाचा असं सांगतो. त्यानंतरची प्रगती म्हणजे पडदा काळा झाला, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. त्यावर काळ्या लोकरीचे टाके दिसत नाहीत अशी तक्रार आली, तिच्यावर गांभीर्याने विचार झाला आणि काळी लोकर यादीतून काढून टाकण्यात आली. शिवाय प्रोग्राम आता चाळीस भाषांत मिळतो. एवढं सगळं मी आढाव्यात लिहिलं आणि तिथेच पेन अडलं, कारण पुढे गळा येतो.

स्वयंसेवकांत एक आहे, त्याला मी मनातल्या मनात झाडू म्हणतो. (तोंडावर म्हणत नाही, कारण त्याचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही.) त्याला स्वच्छतेचं वेड आहे. साफसफाई करता करता त्याला तुझे आकडे सापडले आणि त्याने विचारलं, हे आले कुठून, यांना आधार काय? मी खरं ते लिहिलं: मावशीने सांगितलेत. झालं! त्यावर चर्चा सुरू झाली, आणि सभ्य माणसांची असल्यामुळे ती संपेचना. मावशी ही व्यक्ती आहे की संस्था? मावशीचं काही छापून आलंय का? उद्या मावशी उपलब्ध नसल्या तर पर्यायी मावशी कोण? घरातल्या माणसाला चार टाके जास्त, यात इतर माणसांवर अन्याय होत नाही का? शेवटी मतदान झालं. विरोधात एकच मत पडलं, ते माझं, आणि ते दिल्याबद्दल सगळ्यांनी माझे मनापासून आभार मानले. आकडे गेले.

आता गंमत बघ. आमच्याकडे प्रोग्राम बरोबर चालतोय की नाही ते तपासणाऱ्या चाचण्या असतात. चुकलं की लाल दिवा, बरोबर असलं की हिरवा. कोणा हुशार माणसाने एक चाचणी लिहून ठेवली होती की तक्त्यात एकही घर रिकामं राहता कामा नये. गळ्याच्या जागी घरं रिकामी, त्यामुळे तिथे कायम लाल दिवा लागायचा आणि सगळ्यांना अपराधी वाटायचं. तुझे आकडे गेले तशी ती घरं भरली आणि दिवा हिरवा झाला. प्रकल्पाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळे दिवे हिरवे! सगळ्यांनी एकमेकांना टाळ्यांची चित्रं पाठवली. मीसुद्धा पाठवलं. (मी चिमणीला झोपवत होतो, एका हाताने पाठवलं.) अशा रीतीने जगातला प्रत्येक स्वेटर वरून बंद झाला.

कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही, कारण गळा शेवटी येतो. पहिली तक्रार एका शाळेतल्या बाईंची आली. आमच्याकडे तक्रारी बघायला एक आपोआप चालणारा कारकून बसवलाय, माणूस नव्हे, प्रोग्रामच. त्याने नियमाप्रमाणे विचारलं, पुन्हा एकदा करून बघा, तसंच होतं का ते कळवा. बाई भल्या, पुन्हा विणायला बसल्या. आता स्वेटर म्हणजे काय वरणाला फोडणी आहे? महिना तर जाणारच. कारकुनाने पंधरा दिवस वाट पाहिली आणि उत्तर नाही म्हणून तक्रार निकाली काढली. बाई दुसरा बंद स्वेटर घेऊन आल्या तर त्यांना सांगितलं, नवी तक्रार करा, आणि हो, पुन्हा एकदा करून बघा. आता त्यांच्याकडे तीन आहेत, उशांना घालते म्हणाल्या. कोणीतरी मधेच कात्रीने कापायचा उपाय सुचवला. लोकर उसवते हे त्याला ठाऊक नव्हतं, ते करून बघणाऱ्या एका आजींना कळलं, पण तोवर बाही हातात आली होती. या सगळ्याचं आढाव्यात एकच वाक्य झालंय: यंदा तक्रारींचा निपटारा पूर्वीपेक्षा कितीतरी जलद झाला. वाक्य खोटं नाही, म्हणून जास्त लाज वाटते.

मग मी ठरवलं, पुरे झालं, जुने आकडे परत आणायचे. आणायला गेलो तर जुनं काहीच नाही. झाडूने पुढच्या फेरीत जुना इतिहास, म्हणजे आधीच्या सगळ्या प्रती, जड झाला म्हणून तोही झाडून टाकला होता. माझा जुना कॉम्प्युटर मी भंगारात दिलेला, म्हटलं सगळं इंटरनेटवर ठेवलेलं आहेच, जपायचं कशाला? आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत होती त्यांच्याकडे नवी आपोआप पोचली. (प्रोग्राम आपोआप नवा होणं, ही या वर्षातली एकच गोष्ट अशी की जी एकदाही बिघडली नाही.) मी झाडूवर भयंकर रागावलो, म्हणजे एक वाक्य 'कृपया' न घालता लिहिलं. त्याने दोन पानं माफी मागितली. म्हणाला, हाताने विणलेला स्वेटर मला कधी कोणी दिलेला नाही, त्यामुळे तिथली घरं मुद्दाम रिकामी असतात हे कळलंच नाही. माझा राग तिथेच ओसरला, आणि राग ओसरल्यावर नुसतं रितं वाटतंय. कोणी वाईट नाही, सगळ्यांनी जीव ओतून काम केलं, आणि वर्षाच्या शेवटी त्या प्रोग्राममधून तेवढी तूच नाहीशी झालीस.

तेव्हा आता असं ठरवलंय की आकडे मिळाले नाहीत तर आढावा लावायचा नाही, प्रकल्पाला कायमचं कुलूप घालायचं. बिनगळ्याचे स्वेटर माझ्या नावावर जगात हिंडायला नकोत. काकांना नमस्कार. तब्येतीला जप.

तुझा,
चार टाके जास्त लागणारा भाचा

ता. क. आता मुद्द्याचं. ताईकडे जाताना तू तुझा कॉम्प्युटर बंद करून, वर अभ्रा घालून गेली होतीस. म्हणजे जगातली एकमेव चांगली प्रत तुझ्या त्या अभ्र्याखाली आहे. मी रविवारी येतोय, आकडे उतरवून घेतो. तोवर त्याला इंटरनेट जोडू नकोस. जोडलंस की तोही आपोआप नवा होईल आणि सगळं मुसळ केरात. हात जोडतो, मावशी, अभ्रासुद्धा काढू नकोस.

ता. क. २. पत्र का, ते आता कळलं असेल. फोन केला असता तर तू 'थांब रे, चिमणीचं तोंड बघू दे' म्हणून तशीच उठून कॉम्प्युटर लावला असतास. तुला थांबवणं आजवर कोणाला जमलंय? काकांना विचार.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुझा व्हिडिओ कॉल आला. कॉम्प्युटरवरून. म्हणालीस, अरे तुझा प्रोग्राम किती छान झालाय, आपोआप झालं हो सगळं, मी कशाला हात लावला नाही, पडदा काळा, वर तो गोल, मला फार आवडलं. चिमणीचा स्वेटर आजच सुरू केलास म्हणालीस. मी गळ्याचे आकडे विचारले, तर तू हसलीस, आता कुठले आठवायला, तुझ्या तक्त्यात येतात म्हणून मी तर केव्हाच मोजायचं सोडलं. आणि वर म्हणालीस, यात गळा दिसत नाहीये, पण तू केलंयस म्हणजे हल्ली तशीच पद्धत असेल. चिमणीला पुढे केलं आणि मी आत गेलो.

ता. क. ४. पत्र तरीही टाकतोय, कारण जे तुझ्या तोंडावर सांगता आलं नाही ते यात आहे. मावशी, तशी पद्धत नाहीये. मी चुकलो तर मला चुकलास म्हणत जा, एवढा विश्वास ठेवू नकोस. रविवारी मी येत नाही, तूच ये, काकांनाही आण, आणि महिनाभर राहा. स्वेटर जिथवर आलाय तिथवर तसाच सुईवर घेऊन ये. आकडे आठवत नसले तर नसू देत, डोकं आमच्याकडे आहे, आपल्या घरातलंच आहे, मोठं आहे. तू त्याच्यावर घालून बघ, उसव, पुन्हा विण, आणि गळा बसला की किती घरं सोडलीस ते मोजून मला सांग. मी शेजारी बसून टाइप करतो. या वेळी कोणी आधार विचारला तर स्वेटर घातलेल्या चिमणीचा फोटो लावीन. आणि लोकर उरलीच तर झाडूसाठी एक विणशील का? त्याच्या डोक्याचं माप मागवून ठेवतो.

कॉम्प्युटर आणू नकोस.