ठोंब्या आणि त्याच्या रोपाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय त्रेसष्ट, रोपवाटिकेत तेहेतीस वर्षे माळीकाम करून निवृत्त झालेला, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधी असा कागद केलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलाने तो आधी वाचावा, कारण चौथ्या मुद्द्यावर त्याला शंका येईल.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि वरची गच्ची, पत्नीचे. ती आहे तोवर मुलाने विकण्याचा विषय काढू नये. "आई, तू तिथं एकटी काय करणार?" हे त्याचे तीनदा विचारून झाले आहे. तिने तीनदा "राहणार" असे सांगितले आहे. आता पुरे.

२. बँकेत जे काही आहे तेही तिचेच.

३. फांद्या छाटायची कात्री म्हणजे सिकेटर, कलमाचा चाकू आणि पितळी झारी रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या बाईंना द्यावी. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, पण त्यांना कलमे बांधायला कधी बसवले नाही. मी साहेबांना दोनदा सांगितले. साहेब दोनदा "बघू" म्हणाले. साहेबांना माझ्याकडून काही देऊ नये, रिकामी कुंडीसुद्धा.

४. मुलीचा हातात धरून खेळायचा गेम. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल.

आमची मुलगी सतराव्या वर्षी आजारपणात गेली, त्याला आठ वर्षे झाली. या गेममध्ये चित्रविचित्र प्राणी पकडून पाळायचे असतात. ती फक्त झाडांसारखे दिसणारे पकडायची. त्यातला पहिला ठोंब्या. मुळ्यासारखे अंग, डोक्यावर दोन पाने, घाबरला की मातीत बसतो. लढाया जिंकत गेले की हे प्राणी मोठे होतात आणि त्यांचे रूप पार बदलते. तसे होण्याआधी पडदा चमकतो. तेव्हा डावीकडचे बटण दाबले तर प्राणी आहे तसाच राहतो. ती दर वेळी दाबायची.

मी एकदा म्हणालो, "अगं, वाढू दे की त्याला. कुंडीत अडकवून ठेवलं की मुळं गुंडाळतात."

"बाबा, ही तुझी नर्सरी नाहीये. त्याला नाही व्हायचं मोठं. विचार हवं तर."

मी विचारले. ठोंब्या मातीत बसला. ती खोकला येईपर्यंत हसली.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी गेम चार्ज करून उघडला. एक लढाई जिंकलो. पडदा चमकला. बटण मला माहीत होते. मी दाबले नाही. रोप वाढायला लागले की हात मागे घ्यायचा, एवढेच मी जन्मभर केले आहे. ठोंब्याचे सहा फांद्यांचे झाड झाले. खरे लिहितो, कलम जगल्यावर वाटते तसे बरे वाटले. हाक मारून पत्नीला दाखवले.

"अहो, काय केलंत हे? ती म्हणाली होती, मी बरी होऊन उठले की मग त्याला मोठा करीन. दोघं एकदम."

मला हे कोणी सांगितले नव्हते. मायलेकींनी का सांगितले नाही, हे मी आठ वर्षे मनातल्या मनात विचारतो आहे. पत्नी माझ्याशी बोलते, जेवायला हाक मारते. पण मी गेम हातात घेतला की उठून गच्चीवर जाते.

मोठा झालेला प्राणी परत लहान होत नाही. कंपनीला चार पत्रे लिहिली. चारही वेळा एकच उत्तर आले, सूचनेबद्दल आभार. मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, सोपं आहे. सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून खेळायचं. अस्साच मिळेल!" त्या माणसाच्या हातात हा गेम कधीही देऊ नये.

गेल्या महिन्यात मुलीची मैत्रीण आली होती. म्हणाली, "काका, गेममधल्या बागेत ठेवला की त्याचं बी मिळतं. इतकी वर्षं तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?" नाही सांगितले. मी बी मिळवले. गेममधल्या माणसाला चालवत राहिले की ते रुजते. बोटे दुखेपर्यंत चालवले. दोन पाने वर आली.

हा तो ठोंब्या नाही, हे मला कळते. बियांपासून आलेले रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नसते, हे मी लोकांना काउंटरवर रोज सांगत होतो.

तरी व्यवस्था अशी. मोठे झाड गेममधून सोडून देऊ नये. ठोंब्या तोच आहे, माझ्या हातून झालेला. छोट्याला मी नाव दिलेले नाही. गेम आणि चार्जर पत्नीला. नाव तिने ठेवावे. पडदा चमकेल तेव्हा बटण दाबायचे की नाही, तेही तिनेच ठरवावे. मी मध्ये बोलणार नाही.

ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून पत्नीची सही घेतलेली नाही. पण माझी सही करण्याआधी कागद तिला वाचायला दिला. साहेबांच्या ओळीवर "कुंडीसुद्धा?" म्हणाली. चौथा मुद्दा वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बटण कुठलं, ते दाखवा."

दाखवले. ती गच्चीवर गेली नाही.

सही: निवृत्त माळी
साक्षीदार: १. रोपवाटिकेचा रखवालदार २. मुलीची मैत्रीण
ठिकाण: घरी, पुढची खोली
तारीख: रविवार, सात तारीख