मधला थर

सोमवार, ६ जानेवारी
अंबडच्या या सरबताच्या कारखान्यातली पाच हजार लिटरची जुनी टाकी अजून ठणठणीत आहे. बॉयलर सांभाळणाऱ्या रंगनाथकाकांनी आज तसं छातीठोकपणे सांगितलं. तपासली कशी, तर बुक्की मारून! पुण्यात हा किस्सा सांगितला तर लोक पोट धरून हसतील. बाकी नाशिक छान आहे. हवा थंड, खोली उन्हाची, चहा बरा. रविवारी, १९ तारखेला, मालकांसमोर बाटल्या धुण्याचं गरम पाणी सुरू झालं की माझी नोकरी कायम.

बुधवार, ८ जानेवारी
जोडण्यांचा आराखडा झाला. थंड पाणी टाकीत खालून येईल, बॉयलरचं गरम पाणी वरून. दोन्ही मिसळत नाहीत, थर धरून राहतात. म्हणून वर, मध्ये आणि खाली असे तीन थर्मामीटर बसवले. रंगनाथकाकांना हे दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि विचारलं, साहेब, झाकण कोण लावणार?

शुक्रवार, १० जानेवारी
इथली रीत ऐका. टाकीत उतरणाऱ्याने उजवी चप्पल तोंडाशी काढून ठेवायची. झाकण लावणाऱ्याने आत डोकं घालून तीनदा हाक मारायची आणि कान देऊन थांबायचं. अकरा वर्षांपूर्वी काळू नावाचा फिटर आत असताना झाकण लागलं होतं म्हणे. म्हणून सगळ्यांनी जन्मभर टाकीशी गप्पा मारायच्या! फिटर महेश गयावया करत होता, "साहेब, दोन मिनटं लागत्यात. मारू द्या की हाक." तो नुकताच टाकीतून वर आला होता. मी त्याची चप्पल लाथेने उडवली आणि झाकणाचे आठही बोल्ट माझ्यासमोर आवळून घेतले.

सोमवार, १३ जानेवारी
चाचणी. वर ऐंशी, खाली तीस. मधला सदतीसवर अडकला. थर्मामीटर भिकार निघाला. महेशने बाहेरून दुसरा बसवला. तोही सदतीस.

मंगळवार, १४ जानेवारी
आज सगळं पाणी ऐंशीवर नेलं. मधला सदतीसच. झाडलोट करणाऱ्या शकुबाईंनी तिळगूळ हातावर ठेवला आणि काच बघून म्हणाल्या, "ताप नाय, काय नाय. चांगल्या मानसाचं आंग असतं तेवढं." अडाणी बाई. तिळगूळ खाल्ला नाही.

गुरुवार, १६ जानेवारी
टाकीतून ठोके येतात. तीन, मग थांबून तीन. लोखंड तापलं की वाजतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण ठोका झाला की हे सगळे हातातलं काम टाकून उभे राहतात. मी लेखी हुकूम लावला: आतून कसलाही आवाज आला तरी काम थांबणार नाही, झाकणाशी कोणी हाक मारणार नाही. मारली तर घरी. महेशने सही केली. माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
टाकी रिकामी केली. झाकण काढून ठेवलं. उद्या साडेआठला महेश ते लावील आणि पाणी भरायला घेईल. परवा मालक.
संध्याकाळी सहा. टाकी कोरडी, थंडगार. वर चौदा, खाली चौदा.
मधला सदतीस.

शनिवार, १८ जानेवारी, सकाळी ८.०५
कोणी यायच्या आत उतरलो. या मूर्खांनी मला तपासताना बघायला नको. बूटही हातात घेऊन आत आणले. मोबाईलला आत रेंज नाही, पण उजेड पुरेसा आहे. आकडे इथेच लिहितो.

८.१५
थर्मामीटरची कांडी स्वच्छ. कांडी गरम नाही. कांडीशेजारची हवा गरम आहे. एवढीशी जागा, माणूस उभा राहील एवढी. हात घातला.
हात कोणीतरी

८.२०
सुटत नाही. डाव्या हाताने लिहितोय. शिडी दोन पावलांवर. बाहेर बॉयलरचा पंखा सुरू झाला. रंगनाथकाका आले. ओरडलो. पंखा थांबवला नाही.

८.२७
महेशची पावलं वर. ओरडलो — नाव घेऊन, तीनदा. त्याची सावली तोंडाशी थबकली. क्षणभर. त्याला ऐकू गेलं, नक्की ऐकू —
झाकण.

८.३४
आठ बोल्ट. मोजले. बूट भिंतीवर आपटतोय. तीन, मग थांबून तीन. माझ्या शेजारून पण तीन —
हात आता धरलेला नाही. नुसता हातात हात आहे.

८.४०
पायाशी थंड पाणी. खालून. आराखड्याप्रमाणे. मग वरून गरम येईल. मधे