निळ्या तोंडाची देवी

धारगळ,
मंगळवार

प्रिय बाय,

परवा गावच्या नाटकात देवी प्रकट झाली, आणि ती तुझ्या आईने आणली! सगळं सांगते, बैस.

दरवर्षी धाकू देवी होऊन दोरावरून उतरायचा, ते तू लहानपणापासून बघितलं आहेस. गेल्या खेपेला दोर तुटला आणि बिचारा महिनाभर कंबर धरून होता. यंदा दोराला हात लावायला कुणी तयार होईना. शेवटच्या प्रवेशात देवीच नसेल तर नाटक कसलं? मंडळीचे म्होरके बाबलीकाका आपल्या पडवीत डोकं धरून बसले होते. चहा देता देता माझ्या तोंडून निघून गेलं, "देवी मी आणते."

मला तुझी गणेशचवथीच्या सुट्टीतली गंमत आठवली होती. तू मला जास्वंदीच्या लाल फुलाकडे टक लावून बघायला लावलंस, मग चुन्याच्या भिंतीकडे, आणि भिंतीवर हिरवट-निळं फूल उमटलं. मी घाबरलेच होते. तू म्हणालीस, एकच रंग बघून डोळा दमतो, मग पांढऱ्यावर त्याला उलटा रंग दिसतो. म्हणजे उलटं रंगवलं तर सुलटं दिसायला हवं!

मांजरपाटावर मी माणसाएवढी देवी काढली. तोंड निळं, केस पांढरेफेक, साडी मोरपंखी, भोवती काळंकुट्ट. बाबलीकाका म्हणाले, "लोक हसतले, वहिनी." तुझे बाबा त्या दिवसांत कुणाशीच फारसं बोलत नव्हते.

आणि लोक हसलेच. पडदा वर गेला, झगझगीत दिवे लागले, तसं मागून कुणी ओरडलं, "देवीक विंचू चावलो काय रे?" मांडव खदखदला. बाबलीकाका पडदा पाडायला धावले. पण बाय, मी सरळ रंगमंचावर गेले. त्या फळ्यांवर नाटक चालू असताना गावातली बाई कधी चढली नव्हती. मी म्हटलं, "हसून झालं असेल तर तिच्या नथीकडे बघा. आरतीचं कडवं संपेपर्यंत पापणी हलवू नका." पेटीवाल्याने सूर धरला. हळूहळू हसणं थांबलं. कडवं संपताच मी चित्र ओढून घेतलं. मागे नुसतं पांढरं कापड.

मला काहीच दिसलं नाही, कारण मी लोकांकडे तोंड करून उभी होते. पण त्यांचे चेहरे दिसले. लाल साडीची, सोनेरी अंगाची, काळ्याभोर केसांची देवी त्यांच्यासमोर उभी होती. मग सत्यवती आजी मान इकडेतिकडे वळवत ओरडली, "जंय बघतंय थंय देवी!" आणि टाळ्या, शिट्ट्या, नुसता गजर! पुन्हा दाखवा म्हणून लोक जागचे हलेनात. चित्र पुन्हा लावावं लागलं. त्यानंतर मी सगळ्यांना सांगितलं, हा चमत्कार नव्हे, डोळ्याचा धर्म आहे, आणि मला तो माझ्या मुलीने शिकवला. पहिल्या रांगेत तुझे बाबा होते. त्यांचे जोडलेले हात अजून तसेच होते. काल डिचोलीच्या मंडळीचं बोलावणं आलं. चित्र घेऊन मीच यायला हवी म्हणतात!

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले, कॉलेज सोडते, न्यायला या, असं तू बाबांना कळवलंस. येत्या रविवारी ते निघणार होते, आणि मीही अडवलं नव्हतं. पोर दमली, येऊ दे घरी, असंच मला वाटत होतं. नाटक सुटल्यावर बाबा वाटेत थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. म्हणाले, "तिका घराक हाडूचा नाय. शिकांदे तिका." आता तुला घरी आणायचं नाही, बाय, पुन्हा परीक्षेला बस. बाबा रविवारी पुण्याला येतील, तुझ्यासाठी जत्रेचं खाजं घेऊन. आणि एकटेच परत येतील.

तुझीच,
आई