कॉम्प्रेसरची कुरकुर आणि साहेबांची टोपी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे, फक्त डाव्या कानात अजून घूं घूं चालू आहे. त्याचीच ही कर्मकहाणी.

आमच्या कॉम्प्रेसरला हवा कमी पडली की त्याचं बिनसतं आणि आत ओढलेली हवा तो धाडकन उलटी बाहेर फेकतो. कधीकधी पातीही मोडतात. पण त्याआधी आतल्या दाबात बारीक कुरकुर सुरू होते (काका चिडण्याआधी पेपरची पानं जोरजोरात उलटतात ना, तसं). ती कुरकुर ओळखून लाल दिवा लावणारं उपकरण मी दोन वर्षं खपून केलं. काल मोठ्या साहेबांसमोर त्याची परीक्षा होती. पास झालं तर काम पुढे चालू, नाहीतर माझी रवानगी पंखे विकायला.

साहेब आले आणि नेमके हवा आत ओढणाऱ्या जाळीला पाठ लावून उभे राहिले. तिथे वारा छान लागतो. साहेबांचा घेर (रागावू नकोस) तुला ठाऊक आहे. अर्धी जाळी झाकली गेली, कुरकुर सुरू झाली आणि दिवा लागला. का लागला हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं, पण सरका म्हणणार कोण? मी खुर्ची पुढे केली. "इथेच बरं वाटतंय," साहेब म्हणाले, "आणि तुमचा दिवा भित्रा आहे. चालू द्या!" चालू दिलं. पुढच्याच क्षणी असा दणका बसला की साहेबांची टोपी समोरच्या कपाटावर आणि साहेब चहाच्या ट्रेपर्यंत. ऑपरेटरनं यंत्र झटकन बंद केलं म्हणून पाती वाचली. तरी साहेबांचं मत एकच, उपकरण कुचकामी. मला फार वाईट वाटलं गं.

काकांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. साहेब म्हणजे आपले जावईबापू, हे तू ओळखलंच असशील. रविवारी ते तुझ्याकडे जेवायला येताहेत. उपकरणाच्या निकालावर अजून सही केलेली नाही. दुसऱ्यांदा वाढताना एवढंच सांग, की दिवा खरं बोलत होता.

ता. क. मी हसलो अशी तक्रार येईल. साफ खोटं आहे. हसली ती ताई, तुझीच लेक, फोनवर, आणि तिचं ऐकून मग मी.

ता. क. पत्र त्यांच्याच हाती देतो आहे. पाकीट नीट डकवलंय. तरी वाटेत उघडलंच असेल तर: भावोजी, पुढच्या वेळी जाळीसमोरून जरा सरका. काल तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.