मुकादम मला ओळखतो

४ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या दिवसांची पुढे कुठेच नोंद सापडत नाही, म्हणून.

मगर उद्यानात रुजू झालो. पद : उद्घोषक. तळ्याकाठच्या मचाणावरून माईकवर मगरींची माहिती सांगायची. मांस टाकायला पैलवान आहे. हे नुसतं टोपणनाव, फुंकर मारली तर उडेल असा माणूस. घरी सांगितलं की मगरी मीच सांभाळतो. खोटं नाही. माहिती सांभाळणं म्हणजे तेच की.

५ नोव्हेंबर
जेवताना लेकीला जबड्याची माहिती दिली. मोठी मगर माणसाच्या वीसेक पट जोराने चावते. पण गंमत अशी की तोंड उघडायचे स्नायू अगदीच दुबळे. मिटलेला जबडा चिकटपट्टीनेसुद्धा बांधून ठेवता येतो. लेक डोळे विस्फारून ऐकत होती. बायको ताट उचलता उचलता म्हणाली की तुमचं बरोब्बर उलटं आहे, उघडायला ताकद अफाट, मिटायला जोरच नाही. दुर्लक्ष केलं.

८ नोव्हेंबर
स्टाफरूमचं सिंक तुंबलंय. डबा धुवायला फाटकातून आत, तळ्याच्या पायरीवर गेलो. तसा नियम आहे की पायरीवर लागोपाठ दोन दिवस त्याच जागी, त्याच वेळी कोणी जायचं नाही. मीच तर रोज माईकवर सांगतो : मगर घाई करत नाही, सावज रोज कुठे पाण्यावर येतं ते हेरून ठेवते आणि मग एके दिवशी तिथेच पाण्याखाली दबा धरून बसते. हे वाक्य मी फार छान म्हणतो. लोक गप्प होतात.

नियम अर्थात मांस टाकणाऱ्यांसाठी. उद्घोषकाचा काय संबंध?

१२ नोव्हेंबर, दुपार
नोंद घ्यावी अशी घटना. मुकादम ही आमची सगळ्यात मोठी मगर. दिवसभर पलीकडच्या काठावर पडून सगळ्यांवर नजर ठेवतो, काम काही करत नाही, म्हणून हे नाव. आज मी डबा विसळत असताना तो तळ्याच्या मध्यापर्यंत आला. थांबला. माझ्याकडे पाहत राहिला.

साहेबसुद्धा माझ्याकडे एवढा वेळ पाहत नाहीत.

१६ नोव्हेंबर
आणखी जवळ आला. आता डब्याचं झाकण वाजलं की निघतोच. पैलवान म्हणाला की जागा बदला, वेळ बदला, हे लक्षण बरं नाही. जळतो बिचारा. इतकी वर्षं मांस भरवून त्याला जे जमलं नाही ते मला नुसत्या स्वभावावर जमलं.

सिंक दुरुस्त झालंय. पण आता जाणं बंद केलं तर मुकादमाला काय वाटेल?

२० नोव्हेंबर
लेकीने वर्गात सांगून टाकलं की माझे बाबा हाक मारतात आणि मगर येते. हे तिला कोणी सांगितलं? मी. आता २६ला अख्खा वर्ग सहलीला आमच्याकडेच येतोय. तिला खरं सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं. पण ती इतकी खुशीत वेणी घालत बसली होती की तिला फक्त रिबिनीचा रंग विचारला. लाज वाटली. उद्या सांगेन.

२१ नोव्हेंबर
उद्या.

२५ नोव्हेंबर
मुकादम दिसलाच नाही. पायरीपाशी पाणी एकदम शांत, साधा तरंगही नाही. रुसला असावा. झाकण वाजवलं, गोड आवाजात दोन शब्द बोललो. उद्याच्या कार्यक्रमाचं महत्त्व समजावून सांगितलं.

२६ नोव्हेंबर, सकाळी
योजना पक्की. कॉलरला लावायचा छोटा माईक साहेबांकडून मागून घेतला. मुकादमाचं आणि माझं बोलणं मुलांना नीट ऐकू यायला हवं. पैलवान ऐकत नाही, काठी घेऊन मागे उभा राहतो म्हणाला. राहू दे. त्यालाही शिकायला मिळेल.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळी
शाळा आली. लेक जाळीला अगदी पुढे, निळ्या रिबिनी. मी पायरीवर. झाकण वाजवलं.

पाणी फुटलं. डबा गेला.

पुढचं नीट आठवत नाही. म्हणजे आठवतं. मी पळालो. फाटकाबाहेर आलो आणि बाहेरून कडी लावली. पैलवान आत होता.

मुकादम पुन्हा वर आला तोवर कडी कोणीतरी काढली होती आणि पैलवान बाहेर पडला होता. कडी लेकीने काढली. मी तिकीट खिडकीच्या मागे होतो.

२७ नोव्हेंबर
रजा. पैलवान घरी येऊन गेला, हातात माझा डबा. मुकादमाने टाकून दिला म्हणे. पुऱ्या डब्याची पोळी झालीय. लेकीला शेजारी बसवून म्हणाला की कडी लावायला मीच ओरडलो होतो, मुलांच्या सुरक्षेसाठी तसंच करायचं असतं, तुझे बाबा नियमाने वागले. लेक ऐकत राहिली. मान हलवली.

पैलवानाचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. तो गेल्यावर विचार केला की एका अर्थी बरोबरच आहे. संकटातसुद्धा माझ्याकडून नियम पाळला गेला. उद्या माईकवर हे सांगता येईल.

२८ नोव्हेंबर, सकाळी
लेकीला शाळेत सोडायला निघालो. वाटेत सहज म्हटलं की पैलवानकाकांनी सांगितलं तेवढं वर्गात नीट सांग हं, ते ओरडले म्हणूनच मी कडी लावली. शाळेच्या दारात पोचल्यावर तिने माझा हात सोडला आणि खाली बघत हळूच म्हणाली की बाबा, तुमचा माईक चालू होता. काका ओरडत होते की कडी लावू नका, मी आत आहे. सगळ्यांनी ऐकलं.

काहीतरी बोलायचं होतं. जबडा उघडेना.