बसून खराब झालेली गाडी

ती. स्व. दादा यांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द लिहायला सोपा म्हणून लिहितो, तुम्हीही तो तसाच वाचून पुढे जावं.) इकडे सगळं ठीक. माझं ब्लडप्रेशर होतं तिथेच आहे आणि तुमच्या बहिणीचा आवाजही. तुमच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली आणि आता तुम्हाला समोरच्या इमारतीवरची पाटी चष्म्याशिवाय वाचता येते, असं तुमच्या मुलीने कळवलं. फार बरं वाटलं. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही ‘बरं बरं, ठेवतो’ म्हणता आणि खरंच ठेवता.

हकीकत सुरू करण्यापूर्वी एक निवेदन. या पत्रात जिथे ‘माझी बायको’ असं येईल तिथे तिचं वागणं मला मान्य आहे असं समजावं. जिथे ‘तुमची बहीण’ येईल तिथे जबाबदारी तुमच्या घराण्याची.

तर, तुमचं पत्र मिळालं. तीन पानं हवामान, आणि शेवटी एक ओळ, की गाडी विकून टाका, मला आता तिचं काय काम. तुमची बहीण ती ओळ वाचून उठली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. मी मात्र आज्ञाधारक माणूस. वजनमापं तपासण्याच्या खात्यात उभी हयात गेली, वरून कागद आला की त्याप्रमाणे करायचं एवढंच ठाऊक. आमचे दातांचे डॉक्टर बरीच वर्षं तुमच्या गाडीबद्दल विचारत होते (तेही माझ्या तोंडात दोन्ही हात घालून, म्हणजे मला नकार देता येऊ नये). त्यांना निरोप धाडला. ते आले, मी आमच्या शेडमधल्या गाडीवरचं कापड ओढलं. लाल रंग जसाच्या तसा, कुठे ओरखडा नाही, कातडी सीटवर सुरकुती नाही. मग आत वाकून त्यांनी गाडी एकूण किती चालली आहे तो आकडा वाचला आणि हलक्या आवाजात म्हणाले, की ही तर नवीच आहे. पुढच्या रविवारी चालवून बघतो म्हणाले. तोवर मेस्त्रींच्या नजरेखालून घाला, आपली एक रीत म्हणून.

आमचे मेस्त्री अंगाने दणकट, मनाने हळवे, आणि बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सुस्कारा सोडला. टायरांची नक्षी शाबूत होती, पण वर्षानुवर्षं एकाच जागी उभे राहून ते खालून चपटे झाले होते आणि कडेने तडकले होते. ब्रेकच्या तबकड्या गंजून जागच्या जागी धरून बसल्या होत्या. थांबायचं कसं ते गाडीला पक्कं ठाऊक होतं, निघायचं ती विसरली होती. पेट्रोलला वार्निशचा वास. रबरी नळ्या वाळून कडकडीत. मेस्त्री एकेक गोष्ट दाखवत होते आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होते. शेवटी मी ताठ मानेने सांगितलं, की दादांनी गाडी आमच्या स्वाधीन केल्यापासून मी दर रविवारी ती सुरू करतो, एकही रविवार चुकलेला नाही. त्यांनी विचारलं, किती वेळ? म्हटलं, चहा संपेपर्यंत. कुठवर नेता? म्हटलं, नेतो कुठे, शेडमध्येच. (मला चालवता येत नाही हे तुम्ही जाणता. पण किल्ली फिरवायला लायसन लागत नाही.)

यावर मेस्त्री खालीच बसले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उभ्या उभ्या सुरू करून बंद केलं की इंजिन धड तापत नाही. आत वाफेचं जमलेलं पाणी उडून न जाता सायलेन्सरमध्ये साठतं आणि त्याला आतून खातं. न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. किल्ली मारताना बॅटरी जेवढी खर्च होते तेवढी परत भरतही नाही. यापेक्षा नुसती झाकून ठेवली असती तरी बरं झालं असतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, ही गाडी चालून नाही खराब झाली, बसून झाली. आणि उरलेली तुम्ही प्रेमाने केलीत.”

दादा, आता तुम्हाला त्या रविवारांबद्दल सांगायला हवं. गाडी दोनच माणसांची. मी किल्ली फिरवायला बसायचो तर माझी बायको दोन कप घेऊन शेजारी येऊन बसायची. पहिल्याच रविवारी तिने पट्टा लावला. म्हटलं, अगं, गाडी जागची हलणार नाहीये. म्हणाली, लावलेला बरा. तेव्हापासून आम्ही दोघंही पट्टा लावून शेडच्या भिंतीकडे बघत चहा पितो. घरात आमचं कसं चालतं ते तुम्ही पाहिलंच आहे, मी एक बोललो की ती चार बोलते. पण त्या गाडीत दोघांची तोंडं पुढे असतात, त्यामुळे भांडता येत नाही. थोरला परदेशी गेला तेव्हा घरात ती एक अक्षर बोलली नाही. त्या रविवारी गाडीत बोलली. वहिनींचं दुखणं बरं होण्यातलं नाही हे मला तिने सांगितलं ते तिथेच. वहिनींनी हौसेने लाल रंग निवडला, तुम्ही दोघं एकदा समुद्रापर्यंत जाऊन आलात, आणि मग त्या अंथरुणाला खिळल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. तिने ते सांगितलं त्या रविवारी आम्ही इंजिन सुरू ठेवून बसून राहिलो. मला तर तो आवाज बंद करायचं धाडस होत नव्हतं.

असो. मेस्त्रींनी आठवडाभर शेडमध्ये मुक्काम ठोकला. टायर, नळ्या, बॅटरी, सगळं नवं. टाकी उपसली, ब्रेक सोडवले. तुमची बहीण रोज हातात टॉर्च धरून उभी, हे काय, ते कशाला, असं विचारत. शेवटी मेस्त्री मला सोडून तिलाच समजावून सांगायला लागले. शनिवारी संध्याकाळी त्यांनी गाडी रस्त्यावर काढून चांगली तापेपर्यंत फिरवून आणली. झकास चालली. परत आल्यावर मला बजावलं, की हिला दर आठवड्याला अशीच दूरवर न्यायची, नाहीतर माझी मेहनत फुकट. आणि ते नात्यातल्या एका लग्नासाठी बाहेरगावी निघून गेले.

रविवारी डॉक्टर आले. नवा शर्ट घालून आले होते. मी त्यांना मानाने चालकाच्या जागी बसवलं, त्यांनी किल्ली फिरवली, आणि काहीही झालं नाही. खोकला नाही, घरघर नाही, दिवासुद्धा नाही. आम्ही पुढचं झाकण उघडलं. डॉक्टरांनी सवयीने खिशातला छोटा टॉर्च काढला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मीही बघितलं. दोघांनाही काही कळत नव्हतं आणि दोघंही मान डोलवत होतो. तुमची बहीण एवढ्या गडबडीत कमालीची शांत. तिने डॉक्टरांना दोनदा चहा दिला, दातांना जपा म्हणून सांगितलं आणि फाटकापर्यंत पोचवलं. पण माणूस चिकट आहे. मेस्त्री परत आले की पुन्हा येतो म्हणून गेला आहे.

तेव्हा पुढे काय करावं ते स्पष्ट कळवावं. तुम्ही विका म्हणालात तर विकेन. तुमच्या मुलीस व जावयास आशीर्वाद. तब्येतीला जपावं.

आपला आज्ञाधारक,
भावोजी

ता. क. ‘विकेन’ असं वर लिहिलं आहे, पण लगेच कळवायची घाई नाही. महिन्याने कळवलंत तरी चालेल. वर्षानेही चालेल.

ता. क. २. दादा, खरं सांगायचं तर गाडी गेल्यावर रविवारी सकाळी मी हिच्याशेजारी कुठे बसायचं ते मला कळत नाहीये. हे तिला सांगू नका. ती तुमच्यासारखीच घट्ट मनाची आहे, उद्या गाडी गेली तर डोळ्यांतून टिपूस काढणार नाही आणि मी उगाच हळवा ठरेन.

दादा, आता मी लिहितेय. पाकीट शोधायला गेलेत हे (पाकीट मी फ्रिजवर ठेवलंय, तिथे हे बघणार नाहीत). वरचं सगळं वाचलं. त्यात एक राहिलं. बॅटरीची वायर मी काढली. ह्या गाडीची बॅटरी मागे डिकीत चटईखाली असते, हे मला मेस्त्रींनी दाखवलं होतं, आणि दोघं शहाणे पुढे डोकं घालून बसले. वायर पुन्हा लावायलाही मला येते, पण मी लावणार नाही. वर्षातून एकदा तू येतोस तो गाडी पुसायला. आम्हाला भेटायला येतो म्हणतोस, पण आल्याबरोबर चपला न काढता शेडमध्ये जातोस. गाडी गेली तर तू यायचा नाहीस, दादा. मी तुझी बहीण आहे, मला माहीत आहे.

आणि तू ती नुसती पुसतोस, चालवत का नाहीस, तेही मला माहीत आहे. इतके दिवस मोतीबिंदूचं निमित्त होतं, ते आता गेलं. शेजारची जागा रिकामी दिसते ना? मी बसेन तिथे. वहिनी काही म्हणायची नाही. फक्त ती सीट फार खाली आहे रे, आणि माझे गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत. बसते मी आपली आपण, पण उठायला हल्ली दोन माणसं लागतात. एका हाताला हे आहेत. दुसऱ्या हाताला तू ये.